जॅकवरचं हिरवं

“तिकडे सगळं हिरवं आलं होतं मॅडम. तुमच्याच मशीनमधी लाल काऊन येऊन राह्यलं?”

सागर माझ्या स्क्रीनसमोर मोबाइल धरून उभा होता. मोबाइलमध्ये दुसऱ्या गावातल्या एका सेंटरने दिलेल्या अलाइनमेंट रिपोर्टचा फोटो होता. त्यातली प्रत्येक चौकट हिरवी. माझ्या स्क्रीनवर त्याच गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या चौकटी लालभडक.

“कारण गाडी लाल आहे,” मी म्हटलं.

“गाडी तर पांढरी आहे,” तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. मला हसू आलं नाही. मी तोवर त्या गाडीचे टायर पाहिले नव्हते, नुसते आकडे पाहिले होते. आकडेच पुरेसे होते.

मी मेहकरला एका टायरच्या दुकानात अलाइनमेंटचं काम बघते. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला, आधी एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी केली, मग इथे आले. मुलं मोठी झाली, केस पिकायला लागले, तरी नवीन माणूस गाडी आत घेतो आणि विचारतो, “मिस्तरी कुठे आहे?” मी म्हणते, “समोर उभी आहे. हँडब्रेक सोडा.”

अलाइनमेंट मशीन ही काही जादू नाही. गाडीच्या चारही चाकांना क्लॅम्प लावून पाट्या बसवतात. समोरचे कॅमेरे त्या पाट्या बघतात आणि चाक किती वाकडं, किती सरळ, ते अंशांत सांगतात. गाडीच्या कंपनीने ठरवलेल्या मर्यादेत आकडा असला तर चौकट हिरवी, नसला तर लाल. एवढंच. हिरवं म्हणजे गाडी चांगली, असा त्याचा अर्थ नाही. त्या क्षणी, गाडी जशी उभी आहे तशी, आकडा मर्यादेत आहे, इतकाच त्याचा अर्थ.

पण आकडे कोणाला वाचायचे असतात? आमच्या काउंटरवर “अलाइनमेंट झालं का?” असं कोणी विचारत नाही. “हिरवं आलं का?” असं विचारतात. हा शब्द आम्हीच लोकांच्या तोंडात बसवला आणि आता तोच आमच्या डोक्यावर बसला आहे.

सागर डोणगावचा. वडील दिनकरराव, घरची शेती आणि सोयाबीन-तुरीचा व्यापार. त्यांच्या सगळ्या गाड्यांचे टायर वर्षानुवर्षं आमच्याच दुकानातून जातात, म्हणून आमच्या शेठचा त्या घरावर फार जीव. सागरने मात्र स्वतःच्या गाडीचे टायर त्या दुसऱ्या सेंटरमधून घेतले होते. कारण तिकडे “लो गाडीचं स्पेशल काम” होतं म्हणे.

गाडी लो केलेली होती. म्हणजे स्प्रिंग आखूड करून बॉडी खाली बसवलेली. टायर आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये कंपनीच्या गाडीत चांगली मूठ जाते, इथे बोट जात नव्हतं. दिसायला ऐटदार. आमच्याकडच्या स्पीडब्रेकरवर पोट घासते, पण त्याची तक्रार नव्हती. तक्रार दुसरीच होती.

“स्टिअरिंग उजवीकडे ओढून राह्यलं. तेवढं सरळ करून द्या. उद्या पहाटे नागपूरले निघायचं आहे.”

“कशाला?”

“ताईले आणायले. सातवा लागला तिले. मी अन् आई जाऊन राह्यलो. समृद्धीवर चढलो की सुसाट.”

इथून पुढे जे काही झालं, ते या वाक्यामुळे झालं. गाडी मित्रांना घेऊन पानटपरीपर्यंत जाणार असती तर मी सूचना देऊन सोडलीही असती. पण हीच गाडी उद्या गरोदर बाईला मागच्या सीटवर बसवून समृद्धी महामार्गावर धावणार होती.

आता दोन शब्द सांगते, त्यांच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पहिला शब्द कॅम्बर. गाडीच्या समोर उभं राहून चाकांकडे बघा. चाक वरून आत झुकलेलं असेल तर त्याला मायनस कॅम्बर म्हणतात. स्प्रिंग आखूड केली की चाकं वरून आत झुकतात, हे ठरलेलंच. सागरच्या गाडीचं डावं चाक मायनस दोन पॉइंट चार होतं आणि उजवं मायनस एक पॉइंट सात. दोन्ही लाल. शिवाय दोन्ही एकसारखी नाहीत. गाडी कमी झुकलेल्या चाकाच्या बाजूला ओढते. ती उजवीकडे का ओढत होती, ते इथेच कळलं.

दुसरा शब्द टो. हे गाडीच्या वरून खाली बघितल्यासारखं बघायचं. माणूस उभा असताना पावलांचे पुढचे भाग जवळ असतात किंवा बदकासारखे बाहेर फाकलेले असतात, तसंच चाकांचं. सागरच्या गाडीची पुढची चाकं बदकासारखी होती. आणि टायर खाणारा खरा चोर टोच असतो. नुसत्या झुकलेल्या चाकाने टायर आतून झिजतो, पण सावकाश. वाकड्या पायाची चप्पल एका बाजूने झिजते, तशी. चाक फाकलेलं असलं तर मात्र ते गोल फिरता फिरता रस्त्यावर आडवंही घासत जातं. दोन्ही एकत्र आले की टायरची आतली कड संपलीच.

मी खाली वाकून पुढच्या डाव्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवला आणि लगेच मागे घेतला. तार टोचली. रबर संपून आतली स्टीलची तार उघडी पडली होती. बाहेरून तोच टायर नवा कोरा. नक्षी खोल, वरचे रबराचे केस अजून शाबूत.

“सागर, ही गाडी उद्या कुठेही जाणार नाही.”

“काऊन?”

मी दाखवलं. त्याने वाकून बघितलं आणि म्हणाला, “टायरच खराब निघाला मग. तिकडे तर अलाइनमेंट ओके होतं. हे पाहा न.” पुन्हा मोबाइल. पुन्हा ते हिरवं.

या वेळी मी त्या फोटोतले आकडे नीट वाचले. हिरवा रिपोर्ट खोटा बनवायची एक सोपी युक्ती या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. मशीनमध्ये दुसऱ्याच गाडीचं नाव निवडायचं, जिची मर्यादा सैल आहे अशा गाडीचं. आकडा तोच राहतो, रंग बदलतो. पण इथे गाडीचं नाव बरोबर होतं आणि आकडाच लहान होता. कॅम्बर मायनस शून्य पॉइंट तीन. या गाडीला कॅम्बर फिरवायची सोयच कंपनीने दिलेली नाही. वेगळे बोल्ट टाकावे लागतात, आणि ते टाकलेले नव्हते, मी बघितलं. मग एवढी बसवलेली गाडी हा आकडा दाखवते कशी?

एकाच प्रकारे दाखवू शकते. आकडे घेताना गाडी बसलेली नव्हती. ती उचललेली होती.

हे लक्षात आलं आणि माझं डोकं फिरलं. चुकून झालेलं काम मी समजू शकते. मशीनचं कॅलिब्रेशन बिघडतं, क्लॅम्प सैल बसतो, माणूस दमलेला असतो. पण मुद्दाम जॅक लावून, स्क्रीनकडे बघत, हिरवं होईपर्यंत गाडी वर घेणारा माणूस चुकत नाही. त्याला नेमकं माहीत असतं तो काय करतोय.

तेवढ्यात शेठने केबिनमधून हाक मारली. “मॅडम, जरा इकडे या.”

मी गेले. शेठने आवाज खाली आणला. “पोट्टं बापाले फोन लावून राह्यलं. म्हणते, तुमच्या दुकानची मशीन बिघडली. दिनकरराव आपले जुने गिऱ्हाईक आहेत. कायले ताणता? टो सरळ करा, कॅम्बरले दुसरी गाडी निवडा, हिरवं द्या अन् जाऊ द्या.”

“टायरमधून तार बाहेर आली आहे, शेठ.”

“मग सांगा न त्याले. सांगितलं की आपलं काम संपलं.”

“हातात हिरवा कागद द्यायचा आणि तोंडाने म्हणायचं की तार निघाली? तो कशावर विश्वास ठेवेल?”

“तुम्ही फार लावून धरता मॅडम. तुमच्यानं होत नसेल तर वानखडेले करायला लावतो.”

वानखडे भाऊ आमचे फिटर, माझ्याही आधीपासून दुकानात. ते दाराबाहेरच पाना पुसत उभे होते. तिथूनच म्हणाले, “मले त्या मशीनचा पासवर्ड नाही माहीत शेठ.”

पासवर्ड मशीनच्या कपाळावरच चिकटपट्टीने लावलेला आहे. रोज सकाळी मशीन तेच सुरू करतात. शेठला हे माहीत आहे. वानखडे भाऊंना माहीत आहे की शेठला माहीत आहे. शेठने चहा मागवला.

दिनकरराव बाजार समितीतून थेट आले. डोक्याला रुमाल, अंगाला सोयाबीनचा भुसा. “का झालं ताई? हे म्हणते तुमच्या मशीनले काही झालं म्हणून.”

“मशीन ठीक आहे काका. इथे खाली बसा. या टायरच्या आतून हात फिरवा. जपून.”

त्यांनी हात फिरवला आणि पटकन झटकला. बोटाकडे बघितलं. “हे तर तार आहे.”

“बाबा, टायर डिफेक्टिव्ह आहे,” सागर म्हणाला. “थे बदलू. बाकी गाडी ओके आहे. रिपोर्ट आहे न माझ्याजवळ.”

मग मी वाद घालणं सोडून दिलं. आकडा समजावून सांगून पटत नसेल तर तो हलताना दाखवावा.

“वानखडे भाऊ, मधल्या जॅकने पुढची बॉडी वर घ्या. चाकं जागेवरच राहू द्या. हळूहळू.”

जॅक वर सरकू लागला. बॉडी उचलली जाऊ लागली, चाकं जागेवर. स्क्रीनवरचे आकडे चालत निघाले. मायनस दोन पॉइंट चार. दोन. दीड. एक. टायरच्या वर बोट जाईल एवढी जागा झाली, मग दोन बोटं, मग मूठ. कॅम्बरची डावी चौकट हिरवी झाली. मग उजवी. त्यांच्यासोबत टोही सरकत गेला आणि बरोबर मध्ये येऊन थांबला. सगळा स्क्रीन हिरवागार. सागरच्या मोबाइलमधला फोटोच जणू.

“झालं न हिरवं!” सागर आनंदाने ओरडला. “मग असंच लॉक करा न मॅडम!”

वानखडे भाऊंना हसू आवरेना. ते गाडीच्या मागे गेले.

“लॉक करते,” मी म्हटलं. “उद्या समृद्धीवर हा जॅक सोबत घेऊन जाशील, की वानखडे भाऊंना गाडीखाली झोपवून नेशील?”

त्याने मोबाइल खिशात घातला.

“तिकडे हेच केलं. गाडी उचलून धरली, हिरवं झाल्यावर टो आवळला, कागद काढला. मग जॅक सोडला. आता बघ काय होतं.”

भाऊंनी जॅक सोडला. गाडी खाली बसली. आकडे परत फिरले आणि एकामागून एक चौकट लाल झाली. टोसुद्धा. स्टिअरिंगची दांडी ठरावीक उंचीसाठी बनवलेली असते. गाडी त्याहून खाली गेली की दांडी तिरकी होते आणि चाक फाकवते. म्हणजे हवेत सरळ केलेलं चाक जमिनीवर आल्याबरोबर वाकडं होणारच. त्या माणसाने अलाइनमेंट केलंच नसतं तर एक वेळ चाललं असतं. त्याने ते केलं आणि टायर खायचं यंत्र बसवून दिलं. वर रंगीत कागद दिला.

दिनकरराव स्क्रीनकडे बघत होते. कॅम्बर, टो हे त्यांना कितपत कळलं मला माहीत नाही. मग ते मुलाकडे वळले.

“मागच्या खेपेले आपल्या खालच्या वावरात सोयाबीन कसं होतं बे?”

“हिरवंगार होतं,” सागर जमिनीकडे बघत म्हणाला.

“कापणीपर्यंत हिरवंगार. रस्त्यानं जानारा थांबून पाहे. म्हने, दिनकरराव, यंदा जोर आहे तुमचा. अन् शेंग किती होती तिले?”

“नव्हती.”

“मग आण ती चावी इकडे.”

“बाबा, उद्या ताईले…”

“जीप नाही का घरी?”

“जीपनं? आठ तास लागतील. ताई हासंल मले.”

“हासू दे. जित्ती राहून हासंल न.”

चावी दिनकररावांच्या खिशात गेली. शेठ तोवर केबिनमधून बाहेर येऊन उभे राहिले होते. दिनकरराव त्यांना म्हणाले, “शेठ, तुमचं काय म्हननं आहे याच्यावर?”

“मी कवाचा मॅडमले तेच सांगून राह्यलो,” शेठ म्हणाले. “अशी गाडी सोडूच नका म्हटलं.”

वानखडे भाऊ माझ्याकडे बघत होते, मी वानखडे भाऊंकडे. चहा आला, तो मात्र मी घेतला नाही.

सागरची ताई जीपमधून आली. म्हशीला वाट देत, हळूहळू, पण आली. गाडी आमच्याकडे राहिली. आम्ही पुढच्या स्प्रिंग बाहेर काढल्या तेव्हा कळलं की त्या लोअरिंगच्या नव्हत्याच. कंपनीच्या स्प्रिंग ग्राइंडरने कापल्या होत्या, आणि डावी उजवीपेक्षा जास्त कापली होती. दोन चाकांच्या आकड्यांत फरक होता तो याचाच. स्क्रीनने पहिल्याच मिनिटाला तेही सांगितलं होतं. कापलेली स्प्रिंग नीट बसत नाही, खड्ड्यावर चाक लटकलं की जागा सोडू शकते. हे “स्पेशल काम”.

मी त्या सेंटरला फोन केला. करायला नको होता, पण राहवलं नाही.

“तुम्ही गाडी जॅकवर घेऊन रीडिंग काढलं?”

“हाव,” समोरचा माणूस शांतपणे म्हणाला. “लो गाडीले तसंच करा लागते. नाहीतर हिरवं येत नाही.”

“येत नाही म्हणजे गाडी चुकीची आहे.”

“मॅडम, गिऱ्हाइकाले हिरवं पाहिजे. आपण हिरवं देतो.”

“गिऱ्हाइकाला घरी पोचायचंही असतं.”

“थे त्याचं त्यानं पाहावं,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

लाज नाही, आढेवेढे नाहीत. मला सगळ्यात जास्त चीड आली ती याची. तो खोटं बोलला असता तर निदान खोटं आहे हे त्याला कळतं असं म्हणता आलं असतं. त्याने ती कामाची पद्धतच करून टाकली होती.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. गाडी लो करणाऱ्यांवर माझा राग नाही. हौस असते. नीट बनवलेल्या स्प्रिंग घ्या, दोन्ही बाजूंना सारख्या बसवा, कॅम्बरचे बोल्ट टाका, आणि गाडी ज्या उंचीवर चालणार आहे त्याच उंचीवर टो लावा. तरीही कॅम्बरची चौकट लाल राहील, कारण मशीनमधली मर्यादा कंपनीच्या उंचीची आहे. राहू द्या लाल. डावं-उजवं सारखं असेल आणि टो बरोबर असेल, तर ती लाल चौकट जॅकवरच्या हिरव्यापेक्षा लाखपट बरी. फक्त टायर आतून बघत राहा.

दिनकररावांना मात्र हौस नको होती. अकोल्याहून कंपनीच्या नव्या स्प्रिंग आल्या, पुढे नवे टायर टाकले, गाडी पुन्हा तिच्या उंचीवर आली. जमिनीवर उभी करून, दोनदा दाबून, थोडी पुढेमागे ढकलून मग मी अलाइनमेंट केलं. सगळं मर्यादेत आलं. मागच्या डाव्या चाकाची एक चौकट तेवढी किंचित लाल राहिली. मागची दोन्ही चाकं जोडणारा बीम कधीतरी खड्ड्यात मार खाऊन जरासा वाकला होता आणि तो फिरवता येत नाही. मी कागद तसाच काढला.

सागरने कागद घेतला, वाचला. या वेळी त्याने खरंच आकडे वाचले. “एक लाल राह्यलं मॅडम.”

“हो. ते खरं आहे म्हणून राहिलं.”

काउंटरवर शेठ दुसऱ्या कोणाला तरी सांगत होते, “आपल्याकडे लाल असलं तर लालच देतो आपण. काम चोख.” मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पगार तेच देतात.

तिकडच्या त्या सेंटरचा धंदा जोरात आहे असं कळतं. आमच्याकडेही लोक अजून “हिरवं आलं का?” असंच विचारतात. या एका प्रकरणाने कोणाची सवय बदलली नाही. लोकांना मी एवढंच सांगते, अलाइनमेंट होताना आधी स्क्रीनकडे बघू नका. आधी वाका आणि गाडीखाली बघा.

मागच्या आठवड्यात सागर एका मित्राला घेऊन आला. मित्राची गाडी अशीच बसवलेली. मी क्लॅम्प लावून रीडिंग घेत होते, तर हा गुडघे टेकून गाडीखाली डोकावत होता.

“काय बघतोस?”

“जॅक तर नाही न लावला, मॅडम?”

इतक्या वर्षांच्या कामावर हा संशय. मला रागच आला. मग मी क्लॅम्प सोडला, त्याला टॉर्च दिला आणि म्हटलं, “नीट बघ.”